भाग ४१ : बोटीवरचं सागवान आणि आमचा प्रेशर वॉशर

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटणाऱ्यांसाठी या भागाचा मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. सगळे नाही निघाले.)

मागे पाण्याचा चुबूक-चुबूक आवाज येत असेल तर तुमच्या हेडफोनला दोष देऊ नका. आज मी घरातून रेकॉर्ड करत नाहीये. सिॲटलमध्ये शनिवारची सकाळ आहे, साडेआठ वाजलेत आणि मी बोटीवर बसून दव वाळायची वाट बघतोय. दव वाळल्याशिवाय वार्निशला हात लावता येत नाही, म्हणजे माझ्याकडे साधारण तास-दीड तास मोकळा आहे. म्हटलं भाग उरकून घेऊ.

मागच्या वेळी मी बोलता बोलता सांगून गेलो की आमची एक जुनी शिडाची बोट आहे आणि तिच्या लाकडाचं काम चाललंय. त्यावर इतक्या व्हॉइस नोट आल्या की काय सांगू. अर्ध्या लोकांचा प्रश्न एकच, "भावा, पगार किती आहे तुझा?" तर ते आधी मिटवतो. ही बोट १९७८ साली तैवानमध्ये बांधलेली, सदतीस फुटी आहे आणि मी नि माझा रूममेट, आम्ही दोघांनी मिळून ती एका बऱ्या सेकंडहँड गाडीच्या किमतीत घेतली. त्या काळात तैवानमधून अशा खूप बोटी अमेरिकेत आल्या. सांगाडा फायबरग्लासचा, पण वर जिथे जागा मिळेल तिथे साग. डेक सागाचा, कठडे सागाचे, बसायच्या फळ्या सागाच्या, खाली केबिनमध्ये उतरायचं झाकणसुद्धा सागाचं. इथले लोक या बोटींना प्रेमाने 'लीकी टीकी' म्हणतात. टीक म्हणजे साग. लीकी का म्हणतात ते आम्हाला आठ महिन्यांनी कळलं. त्याचीच आजची गोष्ट.

आता साग म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं, हे तर आपलंच. माझंही तेच झालं. माझ्या मामाचा देवरुखला फर्निचरचा कारखाना आहे. लहानपणी मे महिन्यात तिथे भुशात लोळलोय मी. बोट बघायला गेलो तेव्हा त्या करड्या पडलेल्या डेकवर नखाने ओरखडा काढून वास घेतला आणि रूममेटला म्हटलं, "साग आहे, काळजीच नको, हे मी बघतो." बीटेक कॉम्प्युटर, लाकडाचा अनुभव म्हणजे भुशात लोळणं, आणि आत्मविश्वास असा.

तसा सागाचा लौकिक खोटा नाहीये हां. एकच उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये हार्टलपूल नावाच्या गावी 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका आहे, अजून पाण्यावर तरंगते. ती १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधली, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागात. नेपोलियनच्या लढायांमुळे ब्रिटनमध्ये जहाजांसाठी ओक मिळेना, म्हणून काम इकडे आलं. दोनशे वर्षं होऊन गेली. ओकमध्ये जे आम्ल असतं ते लोखंडी खिळ्यांना खातं, सागातलं तेल उलट लोखंडाला सांभाळून घेतं. त्या तेलामुळे सागात पाणी सहज शिरत नाही आणि किडे, बुरशी लांब राहतात. शिवाय लाकडात सिलिका असते, म्हणून सुताराच्या पटाशीची धार सागावर लवकर जाते. मामा त्यावरून कायम वैतागायचा.

पण 'साग टिकतो' आणि 'सागाचं तुम्ही काहीही करा, तो टिकतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आम्ही दुसरं वाक्य खरं धरलं.

उन्हात आणि पावसात उघडा ठेवलेला साग करडा का पडतो, ते आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. लाकूड म्हणजे सेल्युलोजचे धागे आणि ते धागे एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा गोंद. उन्हातले अतिनील किरण त्या गोंदाला फोडतात, पावसात तो वाहून जातो आणि वर उरतो तो चांदीसारखा करडा थर. हे सगळं होतं जेमतेम केसाच्या जाडीएवढ्या खोलीत. खालचं लाकूड धडधाकट असतं. म्हणजे करडा साग हा सडलेला साग नव्हे. काळे ठिपके असतील तर ती बुरशी, तीही वरवरची. डेक करडा राहिला तर बोटीला काहीही होत नाही. हे वाक्य मला कुणी त्या एप्रिलमध्ये सांगितलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

खरं म्हणजे सांगितलं होतं. ऐकलं नाही.

झालं असं की बोट घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात घरून आई-बाबांचा व्हिडिओ कॉल येणार होता. बोट दाखवायची होती. मी भाड्याने प्रेशर वॉशर आणला. गाड्या धुवायच्या सेंटरवर असतो ना, तसला. आणि डेकवर फिरवला. मंडळी, काय दिसत होतं म्हणून सांगू. करड्याचा सोनेरी होत होता, पट्ट्यापट्ट्याने, डोळ्यांदेखत. रूममेट व्हिडिओ काढत होता, रीलला चिक्कार लाइक आले. शेजारच्या बोटीवर एक आजी राहतात. सत्तरीच्या पुढच्या आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या बोटीचं वार्निश असं आहे की त्यात बघून भांग पाडावा. त्या कॉफीचा कप घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "खाली वाहतंय ते पाणी तपकिरी का आहे, याचा विचार केलास का?"

मी म्हटलं, "चाळीस वर्षांची घाण आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. कप घेऊन आत गेल्या.

ते तपकिरी पाणी म्हणजे लाकूड होतं. सागाच्या प्रत्येक रेषेत एक कडक भाग असतो आणि एक मऊ. पाण्याचा तो फवारा मऊ भाग खणून काढतो आणि कडक भाग उभा राहतो. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर डेक कॉर्डरॉयच्या पँटसारखा झाला, सगळ्या धारी वर आलेल्या. अनवाणी चाललं की टोचायचं. मग आम्ही दुसरी चूक केली. तो सपाट करायला भाड्याने सँडर आणला आणि धारी घासून काढल्या. ८० नंबरचा पेपर, दोन दिवस. झाला गुळगुळीत. किती लाकूड गेलं? माझ्या अंदाजाने दीड ते दोन मिलिमीटर. कोडमध्ये काही बिघडलं तर मागच्या कमिटवर जाता येतं. पॉलिश पेपरला अनडू नाही.

दोन मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. तर या डेकची रचना ऐका. खाली फायबरग्लासचा थर, त्याखाली आमच्या बोटीत प्लायवूडचे ठोकळे, त्याखाली परत फायबरग्लास. सँडविच. त्यावर सागाच्या फळ्या स्क्रूने आवळलेल्या. स्क्रूचं डोकं फळीत खोल बसवतात आणि त्याच्यावर सागाचीच छोटी गोल गुडदी ठोकतात, म्हणजे वरून स्क्रू दिसत नाही आणि पाणी आत जात नाही. अशा शेकडो गुडद्या असतात. फळी नवी असताना साधारण बारा मिलिमीटर जाड असणार. आमच्या आधीच्या मालकांनी चाळीस वर्षांत घासून घासून ती आठवर आणली होती. आम्ही एका वीकेंडमध्ये सहावर नेली. गुडदीची जाडी उरली जेमतेम एक मिलिमीटर. सपाट पापुद्रा. तो कशाला धरून राहील?

नोव्हेंबरमध्ये इथला पाऊस सुरू झाला. आपल्याकडचा कोसळणारा नाही, दिवसभर टिपटिप करणारा, पण महिनेच्या महिने चालणारा. गुडद्या एकेक करून सुटायला लागल्या. स्क्रूचं भोक म्हणजे पाण्याला थेट जिना. फेब्रुवारीत माझ्या झोपायच्या जागेवर छतातून चहाच्या रंगाचं पाणी टपकलं. एक सर्व्हेअर बोलावला. त्याने प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने डेकवर टकटक करत फेरी मारली. आपण कलिंगड वाजवून बघतो ना, डिट्टो तसं. ठणठणीत भागावर आवाज टणटण येतो, सडलेल्या भागावर बद्द. डोलकाठीच्या पुढे तीन-चार चौरस फूट 'बद्द' होतं.

पूर्ण डेक बदलायचं एस्टिमेट आलं ते बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होतं. त्या रात्री माझं आणि रूममेटचं भांडण झालं. तो म्हणाला, वॉशर तू आणलास. मी म्हटलं, व्हिडिओ तू काढलास. किती केविलवाणा युक्तिवाद आहे हा, आत्ता बोलताना कळतंय. त्याने त्याचा वाटा सोडला. मी त्याला पैसे हप्त्याने दिले. दोन-तीन महिने आम्ही एकाच घरात राहून फ्रीजवर चिठ्ठ्या लावत होतो.

दुरुस्ती शेवटी मी स्वतः केली, आजींच्या देखरेखीखाली. सडलेल्या भागावरचा साग काढला, फायबरग्लासची वरची कातडी कापली, आतलं प्लायवूड चमच्याने खरवडावं तसं निघालं, ओल्या भुशासारखं. वाळवलं, नवा गाभा भरला, इपॉक्सी, वर ग्लास, आणि मग तिथे साग परत बसवलाच नाही. खरबरीत पांढरा रंग दिला. बोटीवर आलात तर डोलकाठीपुढे तो पांढरा चौकोन दिसेल. अकरा आठवड्यांचे शनिवार-रविवार आहेत ते.

उरलेल्या डेकवरच्या गुडद्यांचं काम अजून चालू आहे आणि ते मला आवडायला लागलंय. स्क्रू काढायचा, भोक थोडं खोल करायचं, इपॉक्सीने पाण्याची वाट बंद करायची आणि नवी गुडदी बसवायची. गुडदीच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर हव्यात, नाहीतर ओली-सुकी होताना दोन्ही वेगवेगळ्या दिशेने फुगतात. वर आलेला भाग पटाशीने एका फटक्यात उडवायचा नाही. आधी अर्धा उडवायचा आणि बघायचं रेषा कुठे उतरतात. उतार तुमच्या बाजूने खाली असेल आणि तुम्ही उलट्या बाजूने ठोकलंत तर गुडदी डेकच्या पातळीखाली फुटते. हे मामाने व्हिडिओ कॉलवर शिकवलं. बोट त्याने आयुष्यात हाताळलेली नाही, पण रेषा कुठे जातात हे त्याला फोनच्या स्क्रीनवर दिसतं. मला समोर ठेवून दिसत नाही.

आता तुमचे प्रश्न. बहुतेकांनी विचारलंय, "सागाला लावायचं काय?" याला चार उत्तरं आहेत आणि चारही उत्तरांवर धक्क्यावरचे लोक एकमेकांशी अबोला धरतात.

पहिलं, काहीच नाही. डेकसाठी माझं आता हेच मत आहे. उघडा साग ओला असतानाही पायाला पकड देतो, वार्निश मारलेला साग ओला झाला की साबण. करडा होऊ द्यायचा. धुवायचा तो बादलीभर समुद्राच्या पाण्याने आणि मऊ स्पंजने, आणि हात रेषांना आडवा फिरवायचा. रेषांच्या दिशेने ब्रश घासला की तो मऊ भाग खणला जातो, प्रेशर वॉशरचंच काम सावकाश. समुद्राचंच पाणी का? मीठ बुरशीला रोखतं. गोड्या पाण्याने, म्हणजे पावसाने, हिरवट थर येतो, तोही इथे भरपूर.

दोन बाटल्यांचे क्लीनर मिळतात, ते शक्यतो टाळा. पहिल्या बाटलीत कडक अल्कली असते, दुसरीत आम्ल. साग लखलखतो, पण तो लखलखाट कुठून येतो ते आता तुम्हाला माहितीये. डाग फारच असतील, विशेषतः लोखंडाचे काळे डाग, तर नुसतं ऑक्झॅलिक ॲसिड सौम्य करून. अळूने घसा खवखवतो ना, त्याच घराण्यातलं हे. म्हणून हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि नंतर भरपूर पाणी, नाहीतर ते आजूबाजूचं ॲल्युमिनियम आणि फायबरची चकाकी खराब करतं.

दुसरं उत्तर तेल. दुकानात 'टीक ऑइल' म्हणून डबा मिळतो. मला आधी वाटलं होतं सागातून काढलेलं तेल असेल. नसतं. बहुतेक वेळा जवसाचं किंवा टंगचं तेल आणि थिनर असतं ते. दोन आठवडे सुंदर दिसतं. मग जवसाचं तेल बुरशीला जेवण वाढल्यासारखं होतं आणि लाकूड काळवंडतं. मग घासा. मग परत तेल. मी एक सीझन कॉकपिटच्या फळ्यांवर हे केलं आणि सोडून दिलं. पण कुणी करणार असेल तर, आणि हे घरात फर्निचरला जवसाचं तेल लावणाऱ्यांनीही ऐका, तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनने वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. गोळा केलेल्या चिंधीत ती उष्णता अडकते आणि चिंधी आपोआप पेट घेते. काडी लागत नाही. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. बोटीवर आग म्हणजे पळायला जागा नाही.

तिसरं, सेटॉलसारखे अर्धपारदर्शक लेप. तीन हात मारा, वर्षातून एकदा ताजा हात द्या, संपलं. याचा जुना प्रकार लाकडाला असा केशरी करतो की सागाचं लाल भोपळ्यात रूपांतर होतं. नवे प्रकार त्यापेक्षा बरे आहेत. धक्क्यावरचे कट्टर लोक याला नावं ठेवतात, पण ज्यांना दर वीकेंडला बोट चालवायचीय, घासायची नाहीये, त्यांच्यासाठी हेच शहाणपणाचं आहे असं मला वाटतं. आजींसमोर मी हे बोलत नाही.

चौथं, वार्निश. आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आज त्याच्याचसाठी तर बसलोय.

घरातल्या फर्निचरचं लाखेचं पॉलिश बोटीवर चालत नाही. मामाने तेच सुचवलं होतं. लाखेला पाणी सोसत नाही. घरातलं कडक पॉलियुरेथेनही नको, लाकूड फुगतं-आकसतं आणि तो कडक थर तडकतो. बोटीचं वार्निश, ज्याला स्पार वार्निश म्हणतात, ते मुद्दाम लवचिक ठेवलेलं असतं, कारण शिडाच्या काठ्या वाकतात. त्यात अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही असतात. पण वार्निश पारदर्शक आहे. काही किरण तरीही आत पोचतात आणि खालचा तोच गोंद फोडतात, आणि एक दिवस वार्निश लाकडाला सोडतं. वरून शाबूत दिसत असताना खालून सुटलेलं असतं. म्हणून जाड थर हवा, आणि वरचा थर झिजायच्या आत नवा हात हवा. वार्निश ही झिजायचीच गोष्ट आहे, लाकडाऐवजी ती झिजते.

कामाचा क्रम असा. जुनं वार्निश निघून गेलेल्या लाकडावर १२० नंबरचा पेपर, मग १८०. हाताने, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. धारदार कडा किंचित गोल करायच्या, कारण कडेवर वार्निश टिकत नाही, दोन्ही बाजूंना ओघळतं आणि पहिली फट तिथेच पडते. भुसा झटकून लाकूड ॲसिटोनच्या फडक्याने पुसायचं. सागाचं ते जगप्रसिद्ध तेल आहे ना, ते इथे आड येतं, वार्निशला चिकटू देत नाही. ॲसिटोन उडालं की तेल परत वर यायच्या आत पहिला हात. पहिला हात निम्म्याला निम्मा थिनर घालून, पाण्यासारखा पातळ, म्हणजे तो लाकडात जिरतो. दुसऱ्यात थिनर पाव भाग. तिसऱ्यापासून जवळजवळ घट्ट. एकूण सात-आठ हात. दोन हातांच्या मध्ये एक रात्र, आणि पुढच्या हाताआधी ३२० नंबरने हलकं घासून चकाकी मारायची. प्रत्येक डब्यावर वेळा लिहिलेल्या असतात, त्या वाचा. वाचत नाही कुणी. डॉक्युमेंटेशनसारखंच.

डबा हलवायचा नाही, बुडबुडे होतात. हळू ढवळायचा. डब्यात ब्रश बुडवायचा नाही, लागेल तेवढं गाळून वाटीत घ्यायचं, कारण ब्रशवरची धूळ डब्यात गेली की सगळा डबा गेला. मारण्याआधी धक्क्यावर पाणी शिंपडायचं. आजींनी हे दाखवलं तेव्हा मला आमच्या अंगणातला सडा आठवला, कारण तेच, धूळ बसते. सुरुवात दव वाळल्यावर, शेवट दुपारी दोनच्या आत, कारण संध्याकाळच्या दमट हवेत ओलं वार्निश सापडलं तर सकाळी ते धुरकट झालेलं असतं. भर उन्हातही नको, वरचा थर लगेच सुकतो आणि खालचे बुडबुडे अडकतात. म्हणजे दिवसातून चार तास. वर्षातून जुलै-ऑगस्ट. थोडक्यात, फार कमी वेळा सगळं जुळून येतं.

मुंबईत किंवा गोव्यात ज्यांचा बोटींशी संबंध आहे, त्यांचं गणित वेगळं होईल. तिथे ऊन इथल्यापेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे हात वरचेवर द्यावे लागणार. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, पण त्या हवेत वार्निश मारायला जाऊ नका. दसऱ्यानंतर.

आणि दोन गोष्टी, ज्यांनी माझं काम खरोखर अर्ध्यावर आलं. एक, नेलपॉलिशची रिकामी बाटली. ॲसिटोनने स्वच्छ धुवायची आणि तिच्यात वार्निश भरून ठेवायचं. झाकणालाच ब्रश असतो. कुठे बादली आपटली, दोर घासला, खरचटलं, की त्याच दिवशी थेंब लावायचा. एवढ्याशा फटीतून पाणी शिरतं आणि वर्षभरात वीतभर वार्निश उठतं. ही बाटलीची युक्तीही आजींचीच.

दुसरी आईची. मागच्या वर्षी ती इथे आली होती. बोट बघून पहिलं वाक्य, "एवढं केलंस आणि उन्हात उघडं ठेवलंस?" मग उधारीवर शिवणयंत्र आणून तिने कठड्यांना, सुकाणूच्या दांड्याला आणि झाकणाला जाड कॅनव्हासची कव्हरं शिवली. ती त्यांना गवसण्या म्हणते, तंबोऱ्याला असते तशी. मी वापरायला निघालो की काढतो, आलो की घालतो. आधी उन्हाळ्यात दोनदा नवा हात द्यावा लागायचा, आता वर्षातून एकदा पुरतो. किरण पोचलेच नाहीत तर वार्निश झिजणार कशाला. अल्गोरिदम सुधारण्यापेक्षा इनपुट कमी करणं स्वस्त पडतं, हे मी ऑफिसमध्ये ज्युनियर्सना शिकवतो आणि बोटीवर मला आईने शिकवलं.

तर माझी आत्ताची वाटणी अशी आहे. डेक उघडा, करडा, स्पंज आणि समुद्राचं पाणी. वार्निश फक्त तीन ठिकाणी : झाकण, दांडा, दोन कठडे. बाकीच्या पट्ट्या आधी मी हौसेने वार्निश केल्या होत्या, त्या खरवडून मोकळ्या सोडल्या. वर्षातले माझे तास मोजले तेव्हा कळलं, याच्या पलीकडे मी पुरा पडत नाही. अर्धवट उठलेलं वार्निश करड्या सागापेक्षा वाईट दिसतं आणि दुरुस्त करायला परत पेपर लागतो. परत लाकूड जातं.

आणि ते लाकूड परत मिळत नाही, हे अगदी शब्दशः. बोटींसाठी सगळ्यात नावाजलेला साग म्हणजे म्यानमारच्या जुन्या जंगलातला. २०२१च्या फेब्रुवारीत तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि एप्रिलमध्ये अमेरिकेने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. लागवडीचा साग मिळतो, पण वीस-पंचवीस वर्षांत कापलेल्या झाडात ते तेल, ती घट्ट वलयं नसतात. शिवाय निर्बंध उद्या उठले तरी त्या जंगलातलं जुनं झाड माझ्या डेकसाठी पडावं असं मला वाटत नाही. आमच्या बोटीच्या फळ्या कुठल्या जंगलातल्या आहेत याचा कागद माझ्याकडे नाही. १९७८ साली असं कुणी विचारत नव्हतं.

आपल्याकडे मात्र त्याच्या कितीतरी आधी विचारलं जात होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं आणावं यावर मजकूर आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. साग राज्यातल्या रानातून तोडायचा तर परवानगी घेऊन, आणखी लागेल तो परमुलखातून विकत घेऊन. आंबा-फणसाला तर हात लावायचा नाही, कारण ती झाडं रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. शाळेत पाठ केलं होतं. सँडर भाड्याने आणायला गेलो तेव्हा आठवलं नाही.

हां, रूममेटचं राहिलं. बऱ्याच जणांना काळजी असेल. आम्ही बोलतो आता. वाटा त्याने परत घेतला नाही, मीही विचारलं नाही. पण वार्निशच्या दिवशी तो येतो, कारण कडेला लावलेली चिकटपट्टी काढायला दोन हात कमी पडतात. एकाने ओढायची, दुसऱ्याने फडकं घेऊन मागे मागे जायचं, आणि ती त्याच संध्याकाळी काढायची. उन्हात दोन-तीन दिवस राहिली की तिचा डिंक कायमचा बसतो. तो अकरा वाजता येतो म्हणालाय, म्हणजे बारा.

आत्ता मी झाकणावर हात फिरवून बघतोय. कडेला अजून गार लागतंय, मध्ये सुकलंय. आज सहावा हात. आजी त्यांच्या बोटीवरून घड्याळ दाखवतायत. टेबलसॉ, ड्रिल वगैरेवर ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी पुढच्या वेळी मामाला लाइनवर घेतो, त्याने हो म्हटलंय, फक्त देवरुखचं नेटवर्क टिकलं पाहिजे. तुमच्याकडे घरी जुनं सागाचं काही असेल, दार, झोपाळा, पाट, आणि त्यावर कुणी काय लावलंय ते माहीत असेल, तर फोटो पाठवा. घासायच्या आधीचा.

चला, धक्क्यावर पाणी शिंपडतो.